इतर हक्कात नको, कब्जेदार सदरी पाहिजे

नवरा वारला की त्याच्या जमिनीला बायकोचं नाव आपोआप लागतं, असं शिकल्यासवरल्या माणसांनाही वाटतं. तसं होत नाही. कायद्याने हक्क त्याच दिवशी मिळतो, पण सातबाऱ्यावर नाव चढायचं तर कुणीतरी तलाठ्याकडे वारसाचा अर्ज द्यावा लागतो, फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, धरला जावा लागतो, नोटीस निघावी लागते, हरकतीची मुदत संपावी लागते आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्याची सही व्हावी लागते. आमच्याकडे नवरा गेलेली बाई वर्षभर फारशी उंबऱ्याबाहेर पडत नाही. कागद होतात ते नेमके त्याच वर्षात.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या माळावर. सोयाबीन, तूर, पाऊस बरा झाला तर रब्बीला ज्वारी. मालकांच्या नावावर दोन एकर दहा गुंठे होतं. सासऱ्यांनी हयातीतच तहसीलदारांपुढे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली दोन्ही मुलांना वाटप करून दिलं होतं, त्यामुळे मालकांचा सातबारा स्वतंत्र होता. किडनीच्या आजाराने ते २०१९च्या दिवाळीआधी गेले. मुलगी आठवीत होती, मुलगा पाचवीत. पुढे लॉकडाऊन लागला आणि कचेऱ्यांचं सगळंच थांबलं. कचेऱ्या उघडल्यावर दिरांनी अर्ज दिला. मला त्याचा पत्ताही नव्हता.

शेजारची एक मुलगी कॉलेजच्या कामासाठी रहिवासी दाखला आणायला ग्रामपंचायतीत गेली होती. फळ्यावरची नोटीस वाचून ती धावत आली. "काकू, तुमच्या रानाचा फेरफार लागलाय. त्यात तुमचं नावच नाही." वारस म्हणून एकट्या माझ्या मुलाचं नाव होतं, आणि तो अज्ञान म्हणून अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता कोण, तर त्याचा चुलता. मुलाची आई जिवंत, घरात, चुलीपुढे बसलेली असताना. मुलीचं नाव नाही. सासूबाईंचंही नाही. हरकतीची मुदत पंधरा दिवसांची असते, आणि त्यातले बरेच दिवस सरले होते.

शेजारच्या गावातली माझी मावसबहीण नवऱ्याने टाकलेली. ती एकट्या बायकांच्या संघटनेच्या बैठकीला जाते हे मला माहीत होतं. तिला फोन केला. ती म्हणाली, "तलाठ्याकडं एकटी जाऊ नको. उद्या बैठक आहे, आधी तिथं ये."

बैठक त्यांच्या गावातल्या समाजमंदिरात होती. मी आजवर बचतगटाच्या बैठका पाहिल्या होत्या. तिथे हप्ता, व्याज, सह्या, की झालं. ही बैठक निराळी होती. बायका गोल करून बसल्या होत्या. नवरा वारलेल्या, नवऱ्याने सोडलेल्या, लग्नच न झालेल्या, आणि नवरा असून नसल्यासारखा म्हणून आलेल्या दोघीतिघी. ओळख करून देताना प्रत्येकीने आपलं नाव सांगायचं आणि आपल्या नावावर काय काय आहे ते सांगायचं. घराचा नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीचा उतारा, कुणाच्या नावावर? लाइटबिल कुणाच्या? रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख कोण? बोअर कुणाची? सातबारा कुणाचा? बहुतेकींच्या नावावर गॅसचं पुस्तक होतं, कारण उज्ज्वला योजनेत जोडणी बाईच्याच नावाने मिळते. त्यापलीकडे जवळजवळ काही नाही. सकाळी पाचपासून रानात राबणाऱ्या बायका होत्या त्या. देशभरात शेतीच्या खातेदारांमध्ये बायकांचं प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास, हा २०१५-१६च्या कृषिगणनेचा आकडा मी पुढे कधीतरी वाचला. पण तो मला त्या दिवशी समाजमंदिरातच कळला होता.

माझी पाळी आली तेव्हा मी नाव सांगितलं आणि पुढे बोलता येईना. कुणी घाई केली नाही. "झालं ते सगळं सांग" असंही कुणी म्हटलं नाही. बैठक चालवणाऱ्या ताईंनी एवढंच विचारलं, "नोटिशीचा फोटो आहे का?" तो त्या मुलीने काढून ठेवला होता. ताईंनी फेरफार क्रमांक उतरवून घेतला, मुदतीचा शेवटचा दिवस काढला, आणि तिथेच माझ्या हाताने हरकतीचा अर्ज लिहायला बसवलं. मी बारावी शिकलेली. लिहिता येत होतं, पण स्वतःच्या बाजूने कधी काही लिहिलं नव्हतं. अर्जात काय घालायचं तेवढं त्या सांगत होत्या: मयत खातेदाराची मी पत्नी, हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे मी, माझी दोन्ही मुलं आणि मयताची आई हे वर्ग एकचे वारस आहोत, दीर हा या वर्गात येत नाही, अज्ञान मुलांची पालनकर्ती मी आहे, सबब सदर फेरफारास माझी हरकत आहे.

दुसऱ्या दिवशी तलाठी कार्यालयात गेले तेव्हा माझ्याबरोबर पाचसहा बायका होत्या. माझ्या गावातली त्यात एकही नव्हती.

हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या संघटनेचं सगळं बळ यात आहे. मला अनेकदा विचारतात, गावातल्या बायका गावातच का उभ्या राहत नाहीत? त्यांना माया नसते म्हणून नव्हे. माझ्या गावातली प्रत्येक बाई माझ्या दिराच्या भावकीत कुणाची तरी सून, जाऊ किंवा भावजय आहे. एकीच्या नवऱ्याने दिराकडून बियाण्याला पैसे घेतलेले, दुसरीच्या रानाचा रस्ता आमच्या बांधावरून जातो, तिसरीच्या मुलीचं स्थळ दिराने जुळवलेलं. माझ्याबरोबर तलाठ्याच्या दारात उभं राहायचं म्हणजे तिने आपलं घर पणाला लावायचं. शेजारच्या गावातल्या बाईला माझ्या दिराचं काही देणं नसतं. त्याने तिच्याशी बोलणं टाकलं तरी तिचं काही अडत नाही. आणि उद्या तिच्या गावात तिचा प्रश्न उभा राहिला की मी तिथे जाते, कारण तिच्या भावकीत मी कुणाचीच कुणी नाही. एका गावात बायकांचा गट कितीही घट्ट असला तरी तो भावकीपुढे वाकतो. दहा गावांच्या बायका जोडल्या की वाकत नाही. म्हणून आमच्याकडे नुसती गावसमिती करत नाहीत, पंचक्रोशीची बांधणी आधी करतात.

तलाठी भाऊसाहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "घरात मिटवा की." बरोबरच्या एक आजी शांतपणे म्हणाल्या, "मिटवतील की. तवर पोच द्या." अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय आम्ही हललो नाही. हरकत आल्यामुळे फेरफार तक्रारी नोंदवहीत गेला. आता मंडळ अधिकाऱ्यापुढे सुनावणी होणार होती.

सुनावणीची नोटीस येण्याआधी भावकी बसली. मारुतीच्या पारावर पुरुष, मी कडेला उभी. दिरांनी मोठेपणाने तोडगा मांडला: "तिचं नाव लावू की. इतर हक्कात लावू." दोघातिघांनी माना हलवल्या. बाईचं नावही लागलं आणि घरही राहिलं, असं त्यांना वाटलं.

सातबाऱ्यावर खातेदाराची नावं एका बाजूला असतात, त्याला लोक कब्जेदार सदर म्हणतात. दुसऱ्या बाजूला इतर हक्काचा रकाना असतो. तिथे सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कोर्टाचा मनाई हुकूम अशा गोष्टी येतात. आमच्याकडे बहिणींची, आयांची, विधवा सुनांची नावं वर्षानुवर्षं तिथेच घातली गेली. तिथल्या नावावर पीककर्ज मिळत नाही. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये येत नाहीत. बांधावर कुणी मालकीण म्हणून मोजत नाही. हे मला बैठकीत कळलं नसतं तर मी पारावर हो म्हणून आले असते आणि तेही आनंदाने. मी म्हटलं, "इतर हक्कात नको. मालकांचं नाव जिथं होतं तिथं पाहिजे." त्यानंतर पारावर जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही.

सुनावणीला लागणारे कागद जमवताना सगळ्यात अवघड गेलं ते लग्नाचं. आमचं लग्न कुठे नोंदवलेलं नव्हतं. खेड्यात कितीतरी जणींचं नसतं, आणि नवरा गेला की "हीच त्याची बायको कशावरून" इथपासून सुरुवात होते. रेशन कार्ड, मुलांचे जन्मदाखले, शाळेचा निर्गम उतारा, मतदार यादी, जपून ठेवलेली लग्नपत्रिका, असं एकेक करत गेलो. मृत्यू दाखला, वारसांचं शपथपत्र, खात्याचा आठ-अ उतारा, जुना वाटपाचा फेरफार. जुना फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळवायला मावसबहीण खेटे घालत होती, कारण माझी खुरपणी चालू होती आणि रोज बुडवणं परवडणारं नव्हतं. आता वारसाचा अर्ज ई-हक्क प्रणालीवरही देता येतो. पण आमच्या भागातल्या बाईला तो भरून देणारा, आणि बरोबर भरून देणारा माणूस आजही लागतोच.

सुनावणीच्या दिवशी आत मी, दीर, त्यांचे वकील, सासूबाई आणि मंडळ अधिकारी. बाहेर व्हरांड्यात चार गावांच्या बायका. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत, कुणाशी हुज्जत घातली नाही. भाकरी बांधून आणली होती, नुसत्या बसून राहिल्या. आतून खिडकीतून त्यांची लुगडी दिसत होती आणि माझा आवाज त्यामुळे निघत होता.

दिरांचं म्हणणं एकच. "ही अजून तरणी आहे. उद्या दुसरा घरोबा करील, मग रान परक्याच्या घरात जाईल." हा मुद्दा येणार हे बैठकीतल्या वकीलताईंनी आधीच सांगितलं होतं आणि त्याचं उत्तर माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. १८५६च्या कायद्याने विधवेला पुन्हा लग्नाची मुभा दिली, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जायचा. १९५६च्या वारसा कायद्याने विधवेला मुलांच्या बरोबरीने वारस केलं, आणि तो १८५६चा जुना कायदा १९८३ मध्ये रद्दच झाला. नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवशी मिळालेला हिस्सा पुढे बाईने काय केलं म्हणून परत जात नाही. हे मी बोलले. भाषा जाडीभरडी असेल, पण अडखळले नाही.

मग अधिकाऱ्यांनी सासूबाईंना विचारलं, "आजी, तुमचं काय म्हणणं?" सासूबाई दिरांच्या बाजूने आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझं काय, पोरं म्हणतील तसं." तेव्हा मी म्हटलं, "साहेब, आत्याबाईंचं नावही लागलं पाहिजे. त्या वारस आहेत." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. सासऱ्यांनी वाटप केलं तेव्हा दोन मुलांचे दोन भाग झाले, त्यांना काही ठेवलं नव्हतं. सत्तरी गाठलेली बाई, साठ वर्षं त्या रानात राबलेली, आणि एकाही कागदावर तिचं नाव नव्हतं. अधिकाऱ्यांनी त्यांना समजावून सांगितलं की मुलाच्या मिळकतीत आई पहिल्या वर्गाची वारस असते, इथे दिराचा प्रश्नच येत नाही. सासूबाई दिरांकडे न बघता म्हणाल्या, "मग कायद्यात असंल तर लावा." त्यानंतर घरात माझ्याशी त्यांचं वागणं लगेच बदललं असं नाही. पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही, दिरांनी कितीही सांगितलं तरी.

निकाल यायला वेळ लागला. शेवटी चौघांची नावं कब्जेदार सदरी लागली, मुलांपुढे अ.पा.क. आई. दिरांनी प्रांताकडे अपील करतो म्हणून सांगितलं होतं, पण केलं नाही. पुढच्या खरिपाला सोसायटीतून पीककर्ज माझ्या सहीवर मिळालं.

हे इथेच संपलं असतं तर मी संघटनेत राहिले असते की नाही, सांगता येत नाही. मला तिथे धरून ठेवलं ते तालुक्याच्या मेळाव्यांनी. दर वर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आजूबाजूच्या तालुक्यांतल्या बायका एकत्र येतात. टेम्पो, एसटी, काही जणी पायी. सगळ्या मिळून हळदीकुंकू करतात, आणि ज्यांना घरच्या हळदीकुंकवाला कुणी बोलवत नाही त्यांचा मान पहिला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. त्या वर्षी आम्ही गावोगावच्या महिला ग्रामसभांत तो ठराव मांडला. काही ठिकाणी झाला, काही ठिकाणी सरपंचांनी "पुढच्या वेळी बघू" म्हणून ठेवला. ठराव झालेल्या गावातही बांगड्या फोडायच्या थांबल्याच असं नाही. तरी मंगळसूत्र काढायला आलेल्या बाईला "ठराव झालाय, हात लावू नका" असं म्हणायला एक आधार झाला.

एका मेळाव्यात मात्र असं झालं की आम्ही सातबाऱ्याच्या मागण्या वाचून दाखवत होतो आणि मागून एक मातंग समाजातल्या काकू उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुमचं सातबाऱ्याचं चाललंय. आमच्या बापजाद्यांना सातबाराच नव्हता. आम्ही गायरान कसतो, त्याचं काय?" मंडपात कुजबुज सुरू झाली. काही जणींना तो विषय तिथे नको होता. गायरानावरून त्यांच्याच गावात मारामाऱ्या झालेल्या, आणि मारणाऱ्यांत त्यांच्याच घरचे होते. ताईंनी काकूंना पुढे बोलावून माइक दिला.

मराठवाड्यात भूमिहीन दलितांनी गायरानासाठी केलेली लढाई फार जुनी, दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासूनची. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय सरकारने १९९१ मध्ये केला, पण कितीतरी कुटुंबांची नोंद आजही गाव नमुना १-ई मध्ये, अतिक्रमण म्हणूनच आहे, आणि तीही पुरुषाच्या नावाने. काकूंचा नवरा वारला होता. ज्या जमिनीचा सातबारा नाही, तिचा वारस फेरफार कसा धरणार? दंडाची पावती कुणाच्या नावाने फाडणार? आमच्या अर्जाच्या नमुन्यात या बाईला जागाच नव्हती. त्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर मागण्यांचा कागद नव्याने लिहिला गेला. वारस नोंदीच्या बरोबरीने १-ई मध्ये बायकांची नावं, आणि घरकुलाची जागा नवराबायको दोघांच्या नावे, हे आलं. काही गावांतल्या बायका पुढच्या मेळाव्याला आल्या नाहीत. त्यांच्या न येण्याचं मला वाईट वाटलं, पण तो कागद बदलला हे योग्यच झालं, आजही मला तसंच वाटतं. ज्या काकूंच्या रानाला कागद नाही त्या माझ्या सुनावणीला व्हरांड्यात बसायला आल्या होत्या.

२०२५च्या १ एप्रिलपासून राज्यभर जिवंत सातबारा मोहीम निघाली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची, आणि त्यासाठी गावात चावडी वाचन करायचं. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्यांनी मयतांच्या याद्या वाचल्या आणि आम्ही वाटून घेतलेल्या गावांत वही घेऊन बसलो. मयताचं नाव आलं की वारस सांगायला उभे राहतात ते बहुतेक मुलगे. मग आमच्यातली कुणीतरी विचारते, "बायको आहे ना? मुली किती? आई आहे का?" एका गावात एका माणसाने चिडून विचारलं, "बहिणी लग्न होऊन गेल्यात, त्यांचं काय?" महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्माने हिस्सेदार आहे, हे मी त्याला सांगितलं. त्याची बहीण तिथे नव्हती. तिच्या सासरचं गाव विचारून घेतलं आणि तिथल्या आमच्या मैत्रिणीला फोन केला. पंचक्रोशी जोडलेली असण्याचा असाही उपयोग होतो.

पण या सगळ्यात माझ्या मावसबहिणीचा प्रश्न कुठेच बसत नाही. तिचा नवरा जिवंत आहे. त्याने दुसरी केली, ही माहेरी भावाच्या ओसरीवर. नवरा हयात असेपर्यंत ती वारस नाही, मोहिमेच्या यादीत नाही. पोटगीचा हुकूम तिच्याकडे आहे, वसुली नाही. शेतकरी संघटनेने १९८६च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली, पुरुषांनी आपण होऊन बायकांच्या नावे जमीन केली, आणि १९९२ मध्ये सरकारनेही पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याचं परिपत्रक काढलं. पण त्याला नवऱ्याचा अर्ज लागतो. बायकोला घराबाहेर काढणारा नवरा तो अर्ज कशाला देईल?

माझ्या सुनावणीचे कागद जिने गोळा केले तिच्यासाठी आज कुठल्या टेबलावर अर्ज ठेवायचा तेच ठरलेलं नाही. म्हणून यंदाच्या मेळाव्यात परित्यक्तांचा विषय सगळ्यात आधी घेतला. पोटगी थकवणाऱ्या नवऱ्याच्या सातबाऱ्यावर त्या हुकुमाचा बोजा चढवावा, आणि तो फेडल्याशिवाय जमीन विकता येऊ नये, अशी आमची मागणी आहे. चार तालुक्यांच्या बायकांच्या सह्यांचं निवेदन प्रांत कार्यालयात दिलं आहे, आणि उत्तर लेखी मागितलं आहे. पोच आमच्याकडे आहे.